पुढची स्पोर्ट्स बाईक कशी हवी? (ब्रोशर नको, अनुभव सांगा)

रिकामी_टाकी:
परवा भाचा नवी लिटरची, म्हणजे हजार सीसीची, गाडी घेऊन आला. "मामा, एक चक्कर मारून ये." मारली. तो दारातच उभा, "कशी वाटली?" म्हटलं, "जबरी." आणि खोटं नव्हतं ते. दोनशेच्या वर हॉर्सपॉवर, सहा अक्षांवर हालचाल मोजणारा आयएमयू, क्लच न दाबता गिअर वर-खाली दोन्हीकडे टाकू देणारा क्विकशिफ्टर, ब्रेक असे की एका बोटात डोळे पुढे येतील. पण गंमत अशी की अख्ख्या चकरेत मी तिसरा गिअर टाकलाच नाही. गरजच पडली नाही. पहिल्यातच गाडी अशा वेगाला जाते की पुढचे पाच कुणासाठी ठेवलेत कळत नाही.

रात्री पडल्या पडल्या माझी जुनी कार्ब्युरेटरवाली सहाशे सीसी आठवत राहिली. सकाळी चोक ओढून मनधरणी, सहा हजार फेऱ्यांच्या खाली जीव नाही, नऊ हजारानंतर मात्र अंगात यायचं तिच्या. वळणात मागचं चाक सुटायला लागलं तर आधी बुडाखाली कळायचं. नव्या गाडीत मला काही कळायच्या आत तिनेच सगळं निस्तरलेलं असतं आणि स्क्रीनवर एक पिवळा दिवा लुकलुकून जातो.

म्हणून हा धागा. चित्र सगळ्यांना माहीत आहे. यामाहाची आर६ २०२० नंतर युरोपात रस्त्यासाठी मिळेनाशी झाली, आता तिथे आर१चंही तेच, फक्त ट्रॅकपुरती. दुसरीकडे आर७, आरएस ६६०, जीएसएक्स-८आर, डेटोना ६६०, आर९ अशी मधल्या ताकदीची फळी भरत चाललीय. कंपन्याही चाचपडतायत असं दिसतंय. तर अशा वेळी आपण मागायचं काय? ज्यांनी चालवल्यात, पाडल्यात, विकून नंतर हळहळलेत त्यांनी लिहा. 'मला अडीचशे हॉर्सपॉवर हवी' हेही चालेल, फक्त ती कुठे वापरणार तेवढं सांगा.

मनगटदुखी:
माझा आयडी वाचा. प्रतिसाद संपला.

तिसरा_पिस्टन:
😂😂 धाग्याचा पहिला बळी

मनगटदुखी:
बरं, नीट लिहितो, जेवणाची सुट्टी आहे. ट्रिपल क्लॅम्पच्या (पुढचा फोर्क वर धरणारा भाग) खाली बसवलेले क्लिप-ऑन, म्हणजे दोन तुकड्यांचं हँडल, आणि उंच रिअरसेट, म्हणजे मागे-वर नेलेले फूटपेग. वेगात वारा छाती उचलून धरतो, तेव्हा झकास. सिग्नल ते सिग्नल मात्र अख्ख्या धडाचा भार दोन तळहातांवर. घरी पोचल्यावर कुलूप उघडायला दोन्ही हात लागायचे. शेवटी विकली. जीएसएक्स-८आर, आरएस ६६० यांची हँडलं क्लॅम्पच्या वर आहेत आणि म्हणून त्या काही कमी वळत नाहीत. माझी मागणी एकच, हँडल आणि फूटपेग दोन्ही घरच्या घरी, साध्या पान्याने वर-खाली करता यावेत. आठवडाभर माणसासारखं बसेन, ट्रॅकला माकडासारखं.

फिजिओ_अस्मि:
मी बाईकवाली नाही, नवरा आहे. पण कुलूप वाचून राहवलं नाही. मनगटदुखी, मुंग्या येतात का? कुठल्या बोटांना?

मनगटदुखी:
करंगळी आणि तिच्या शेजारचं. का हो?

फिजिओ_अस्मि:
तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने अल्नर नर्व्ह जाते, हँडलवर भार टाकला की ती दाबली जाते. सायकलवाल्यांनाही होतं हे. मांड्यांनी टाकी घट्ट धरा, धड पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंवर तोला, कोपरं सैल ठेवा. आणि गाडी विकल्यावरही मुंग्या येत असतील तर दाखवून घ्या, अंगावर काढू नका.

मनगटदुखी:
गाडी विकली तरी येतात अधूनमधून. घाबरवलंत. दाखवतो.

अनघा_ज:
मनगटं नंतर, आधी पाय टेकू द्या! माझी उंची पाच फूट एक. आर१ची सीट ८५५ मिलिमीटर, आर३ची ७८०. ब्रोशरमध्ये हा साडेसात सेंटिमीटरचा फरक आहे, सिग्नलला तो गाडी उभी राहणार की आडवी होणार याचा आहे. आणि नुसती उंची पण नाही, सीट पुढे टाकीपाशी किती रुंद आहे यावर सगळं. अरुंद असेल तर पाय सरळ खाली जातो. कोणीही ब्रोशरमध्ये ती रुंदी छापत नाही.

शोरूममध्ये मला कायम काय सांगतात माहितीये? "मॅडम, सीट कापून घ्या." फोम कापला की बूड दुखतं. सस्पेन्शन खाली घेतलं तर वळणात पेग घासतात आणि पुढची-मागची भूमिती बिघडते. बनवतानाच दोन उंचीच्या सीट का नाही देत? टूरिंग गाड्यांना देतात की. क्लच लीव्हरचं पण तेच, ब्रेकला अंतर कमी-जास्त करायची चकती असते आणि कित्येक गाड्यांत क्लचला नसते. लहान तळहाताची माणसं फक्त उजव्या हाताने जन्मतात का

थांबा बाळ उठलं

टॉर्कमास्तर:
रि_टा, तुमच्या भाच्याच्या गाडीबद्दल. पहिल्या गिअरची गोष्ट अगदी खरी, त्या गाड्यांचं गिअरिंगच सर्किटसाठी असतं. पण प्रश्न हॉर्सपॉवरचा नाही, ती कुठे मिळते याचा आहे. माझ्याकडे आधी चार सिलिंडरची सहाशे होती, आता २७० अंशाच्या क्रँकची पॅरलल ट्विन, म्हणजे शेजारी-शेजारी दोन सिलिंडरची, आहे. कागदावर ही कमजोर. रस्त्यावर, चार ते आठ हजारात, म्हणजे आपण जिथे खरोखर असतो तिथे, हीच पुढे. २७० अंशामुळे एक ठिणगी २७० वर, दुसरी ४५० वर, थेट नव्वद अंशाच्या व्ही-ट्विनचा ठेका. दोन ठोक्यांमध्ये टायरला रस्ता पकडायला उसंत मिळते असं म्हणतात. ते कितपत खरं यावर वाद घालणारे घालोत, मला वळणातून बाहेर पडताना हाताला फरक जाणवतो.

आणि हे फक्त आमच्यासारख्या गरिबांचं म्हणणं नाही. डुकाटीने २०२५ची पानिगाले व्ही२ आणली ती ८९० सीसी, १२० हॉर्सपॉवर. आधीची ९५५ सीसी आणि १५५ होती. पस्तीस घोडे कमी केले आणि सतरा किलो वजन उतरवलं. वर्षानुवर्षं आकडे वाढवणारी कंपनी मागे वळतेय हे मला जास्त बोलकं वाटतं. मला पुढची गाडी अशीच हवी, फक्त अजून स्वस्त.

चार_सिलिंडर:
टॉर्कमास्तर, तुमची गाडी शेतावरच्या पंपासारखी वाजते. राग नसावा.

टॉर्कमास्तर:
राग नाही. पंप रोज सुरू होतो. 🙂

चार_सिलिंडर:
हाहा. पण खरंच सांगतो, मला टॉर्क वगैरे नको, मला आवाज हवाय. पहिल्यांदा चार सिलिंडरची छोटी गाडी पिळली तेव्हा दहा हजाराला वाटलं आता संपली, तर काटा अजून चढतोच आहे. हेल्मेटमध्ये मी एकटाच ओरडत होतो. कावासाकीने २०२० मध्ये झेडएक्स-२५आर काढली, अडीचशे सीसीत चार सिलिंडर! मग २०२३ मध्ये झेडएक्स-४आरआर, ३९९ सीसी, पंधरा हजाराच्या वर फिरते. लोक म्हणाले ताकद किती? अरे, ताकदीसाठी नाहीच ती. कायदेशीर वेगातही इंजिन पार लाल रेषेपर्यंत नेता येतं, यात सगळं आलं. लिटरवाल्या गाडीत लाल रेषा बघायची तर आधी वकील बघावा लागतो.

पुढच्या पिढीत असंच काहीतरी ५०० सीसीत, १७० किलोच्या आत. बस्स, मी कायमचा गप्प.

तिसरा_पिस्टन:
दोघांचं भांडण आणि तीन सिलिंडरचा लाभ. ट्रिपल घ्या. खाली टॉर्क, वर आवाज. आर९ त्याचसाठी आहे. मी निघालो, मीटिंग.

रात्रपाळी:
मी सहसा वाचनमात्र असते. पण 'पिवळा दिवा लुकलुकून जातो, बस' यावर लिहायलाच हवं.

शिफ्ट संपवून पहाटे घरी येत होते. पाऊस थांबून गेलेला, रस्ता नुसता चकचकीत. उजवीकडे वळत होते, गाडी झुकलेली, आणि समोरून एकाने बेधडक यू-टर्न मारला. मी ब्रेक ठेचला. विचार नाही, तंत्र नाही, भीतीने मूठ आवळली गेली. लीव्हर हाताखाली थरथरला, गाडी थोडी सरळ झाली आणि त्याच्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबले. तो माणूस काच खाली करून मलाच बोलून गेला, ते सोडा.

झुकलेल्या गाडीत पुढचं चाक लॉक झालं तर सावरायला वेळच मिळत नाही, चाक खालून निघून जातं. साधं एबीएस सरळ रेषेत उत्तम, पण गाडी किती झुकलीय हे त्याला कळत नाही. कोन मोजून ब्रेकचा दाब हळू वाढवणारी पद्धत बॉशने २०१३ च्या सुमारास आणली, ती आधी महागड्या गाड्यांतच होती. माझ्या गाडीत होती म्हणून मी हे टाइप करतेय.

तेव्हा माझी मागणी: हे पाचशे-सहाशेच्या गाड्यांतही सक्तीचं करा. ज्याची पहिलीच स्पोर्ट्स बाईक आहे त्याला जास्त गरज आहे. 'फील' गेला म्हणणाऱ्यांचं मला कळतं. मलाही जुन्या गाड्या आवडतात. पण त्या दिवशी मला फील नको होता.

रिकामी_टाकी:
रात्रपाळी, हे वाचून गप्प बसलो जरा. सुखरूप आहात हे महत्त्वाचं. लिहीत जा हो.

अनघा_ज:
बापरे ❤️ आणि त्या काचवाल्याला काय बोलावं.

घासलेला_पेग:
रात्रपाळी +१००. माझ्या मित्राच्या गाडीला नव्हतं. त्याच्या कॉलरबोनमध्ये प्लेट आहे अजून.

पान्यावर_पाना:
मी गाड्या उघडतो, पोट त्यावरच आहे. माझं म्हणणं डिझायनरांना कुणीतरी पोचवा.

एअर फिल्टर बदलायला टाकी उचलायची, टाकीसाठी फेअरिंग, फेअरिंगला तीन जातींचे स्क्रू आणि वर प्लास्टिकच्या क्लिपा ज्या दुसऱ्यांदा उघडताना हमखास तुटतात. बॅटरी अशा जागी की ती घालून मग गाडी बांधली की काय असं वाटावं. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) तपासायचं म्हणजे बऱ्याच गाड्यांना रेडिएटर हलवा, थ्रॉटल बॉडी काढा, दिवस गेला. गिऱ्हाइकाला वाटतं मी लुटतोय. म्हणून वर टॉर्कमास्तरांनी लिहिलेल्या त्या व्ही२ बद्दल मला हॉर्सपॉवरपेक्षा वेगळंच आवडलं. तिथे डेस्मो (व्हॉल्व्ह स्प्रिंगऐवजी कॅमनेच बंद करायची डुकाटीची पद्धत) सोडून साध्या स्प्रिंगचे व्हॉल्व्ह आले आणि तपासणी ३०,००० किलोमीटरवर गेली. हे खरं पुढचं पाऊल. विंगलेट, ते फेअरिंगवरचे छोटे पंख, नव्हे.

दुसरं, कुलूपबंद ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. मागे एक गाडी आली, मागच्या चाकाचा सेन्सर गेला होता. भाग होता, बदलला. दिवा जाईना, कारण तो घालवायचं सॉफ्टवेअर फक्त कंपनीकडे. गाडी ढकलत तिकडे. त्यांनी लॅपटॉप लावला, एक बटण दाबलं, पावती दिली. आणि आता नवीन फॅशन, क्विकशिफ्टर गाडीत बसवलेलाच असतो पण पैसे भरले की 'चालू' होतो. वजन तुम्ही वाहायचं, वापरायला परवानगी घ्यायची.

चार_सिलिंडर:
पाना भाऊ, माझ्या चेनला एकाच जागी कट् कट् आवाज येतोय, चाक हाताने फिरवलं की दर फेरीला एकदा. काय असेल

पान्यावर_पाना:
चाकाच्या नाही, चेनच्या फेरीला एकदा येत असेल, मोजून बघ. एखादी कडी आखडली असणार. चेन धुवून तेल दे, प्रत्येक कडी हाताने वाकवून बघ. आखडलेली सुटली नाही तर चेन-स्प्रॉकेट दोन्ही बदल. एकटी चेन बदलू नकोस.

चार_सिलिंडर:
धन्यवाद, संध्याकाळी बघतो

भाजलेली_पोटरी:
गरम होतं त्याबद्दल कुणीच कसं बोललं नाही अजून?? जीन्समधून भाजते हो. उभं राहिलं की पंखा सुरू होतो आणि रेडिएटरची सगळी वाफ नडगीवर. उत्सर्जनाचे नियम कडक झाले, ते व्हायलाच हवेत, पण त्यासाठी धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापायला हवा, म्हणून तो इंजिनाला चिकटून. म्हणजे थेट तुमच्या पायाखाली. वर फेअरिंग बंदिस्त, हवा जाणार कुठे. काही कंपन्यांनी उपाय शोधलेत, डुकाटीची मल्टिस्ट्राडा व्ही४ उभी असताना मागचे दोन सिलिंडर बंद करते. स्पोर्ट्स बाईकवाल्यांची कातडी वेगळी असते का? गरम हवा बाजूने बाहेर काढणारी फेअरिंग द्या, मी रंगसुद्धा विचारणार नाही.

साठी_पार:
मंडळी, आमच्या वेळच्या गाड्यांची आठवण काढल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही म्हणून लिहितो. (मोबाईलवर मराठी लिहायला नातवाने शिकवले आहे, चुका पोटात घाला.)

१९८५ साली सुझुकीने जीएसएक्स-आर७५० काढली. अॅल्युमिनियमची चौकट, ऑइलने थंड होणारे इंजिन, कोरडे वजन १७९ किलो. त्या काळी साडेसातशेच्या गाड्या याहून कितीतरी जड असत. पुढे १९९२ ला होंडाची फायरब्लेड आली, ८९३ सीसी आणि १८५ किलो. तडाओ बाबा नावाचे अभियंते होते तिच्यामागे. त्यांनी मोठे इंजिन घेऊन ताकदीच्या मागे न लागता वजन कापत नेले. मग १९९८ ला आर१. गिअरबॉक्सचे शाफ्ट एकावर एक रचून इंजिन आखूड केले आणि वाचलेल्या जागेत मागचे चाक धरणारा स्विंगआर्म लांब केला. या तिन्ही गाड्यांनी जग बदलले ते मांडणीच्या अकलेने. नुसत्या घोड्यांनी नाही.

आता मला एवढेच हवे की पुन्हा कोणीतरी अशी अक्कल वजनावर खर्च करावी. माझे गुडघे आता २०० किलोची गाडी पार्किंगमधून मागे ढकलू शकत नाहीत. चालवताना मी अजून तिशीतला आहे, ढकलताना कळते.

टॉर्कमास्तर:
काका, साष्टांग. फक्त एक भर, तेव्हाचं 'कोरडं' वजन म्हणजे तेल, पाणी, पेट्रोल, कधी बॅटरीसुद्धा वगळून. आताचे आकडे बहुतेक भरलेल्या गाडीचे. काही कंपन्या 'पेट्रोल सोडून सगळं' असा तिसराच प्रकार छापतात. म्हणून तुलना करताना फसायला होतं.

साठी_पार:
बरोबर आहे तुमचे. पण ढकलताना मी पेट्रोल काढून ठेवत नाही.

घासलेला_पेग:
😂😂😂 काका रॉक्स

घासलेला_पेग:
विंगलेटवर कुणी बोलणार का? मी बोलतो, बसमध्ये आहे, वेळच वेळ. डुकाटीने २०२० च्या पानिगाले व्ही४ साठी आकडा दिला होता, ताशी २७० किमीला ३० किलो दाब. आता हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे ९० ला किती? वेग एक तृतीयांश, दाब एक नवमांश. सव्वातीन किलो. साठला दीड. एवढं वजन तर माझ्या बॅगेत लॅपटॉपचं असतं. आणि गाडी पडली की पहिला तुटतो तोच पंख, आणि तो सुटा मिळत नाही, पूर्ण पॅनेल घ्या.

रेसिंगमध्येच आता उलटा वारा आहे. मोटोजीपीत २०२७ पासून हजाराऐवजी ८५० सीसी, गाडीची उंची खाली-वर करणारी यंत्रं बंद, पंखांवर कात्री, इंधन पूर्णपणे बिगर-जीवाश्म. शोरूमच्या गाड्या रेसची नक्कल करतात म्हणता ना? करा मग नक्कल. ८५० सीसीची, बिनपंखांची.

चार_सिलिंडर:
दिसतात भारी पण ते पंख. मान्य कर.

घासलेला_पेग:
दिसतात. मान्य.

मागची_सीट:
नमस्कार, मी धाग्यातल्या कोणाचीतरी बायको. आयडी सांगणार नाही. एक नम्र विचारणा, मागे जी पाटीएवढी गादी असते तिला कंपन्या 'सीट' कुठल्या कायद्याखाली म्हणतात? धरायला काही नाही, गुडघे कानाला लागतात, आणि पुढच्या माणसाने ब्रेक मारला की मी सरळ त्याच्या टाकीवर. एकतर गाडी एका माणसाची म्हणून विका, मी रिक्षाने येते. नाहीतर मला माणूस समजा.

तिसरा_पिस्टन:
आयडी सांगितला नाही तरी मी ओळखलं. संध्याकाळी बोलू.

मागची_सीट:
मीटिंग संपली वाटतं.

मनगटदुखी:
🍿

निःशब्द:
इलेक्ट्रिकचं नाव काढलं की शिव्या पडतात, तरी काढतो. मी ट्रॅकवर एक इलेक्ट्रिक स्पोर्ट्स बाईक चालवलीय. क्लच नाही, गिअर नाही, कंप नाही. वळणात टायरचा आवाज ऐकू येतो! टायर कधी कुरकुरतो, कधी सुटायच्या बेतात येतो हे मला आयुष्यात पहिल्यांदा कानाने कळलं. फील फील म्हणताय, तो तिथे भरपूर होता.

पण दिशा बदलताना बॅटरीचं वजन सांगतं मी आहे म्हणून. मोटोई या इलेक्ट्रिक शर्यतमालिकेची डुकाटी २२५ किलोची होती, मोटोजीपीत किमान वजन १५७. तेवढ्याशा शर्यतीसाठी हा फरक. ती मालिकाही २०२५ नंतर थांबवली. इलेक्ट्रिक बाईक बनवणारी एनर्जिका २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. म्हणजे आज तरी लांब पल्ल्याच्या स्पोर्ट्स बाईकला बॅटरी पेलत नाहीये, हे मी प्रेमानेच म्हणतो.

मधली वाट मला जास्त रंजक वाटते. होंडाने २०२४ च्या नोव्हेंबरात मिलानच्या प्रदर्शनात ७५ अंशाचं तीन सिलिंडरचं व्ही-इंजिन दाखवलं, त्याला विजेवर चालणारा कॉम्प्रेसर. कावासाकी एच२ चा सुपरचार्जर क्रँकवरून फिरतो, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला. होंडाचा मोटरवर, म्हणून खालच्या फेऱ्यांतही हवी तेवढी हवा कोंबता येते. छोटं इंजिन, मोठा टॉर्क, बारीक कंबर. टॉर्कमास्तर आणि अनघा दोघंही खूश व्हायला हरकत नाही.

अनघा_ज:
बारीक कंबर म्हटलं की मी आलेच. (झोपलं एकदाचं.) इंजिन अरुंद म्हणजे टाकी अरुंद, सीट अरुंद, पाय जमिनीवर. द्या.

पान्यावर_पाना:
आणि तो कॉम्प्रेसर बिघडला की उघडणार कोण, तेही लिहून ठेवा कुठेतरी.

नवशिकी_प्राजू:
मी इथे सगळ्यात लहान बहुतेक. माझी पहिलीच आहे, तीनशेच्या आसपासची. दिसते मोठ्या बहिणीसारखी हुबेहूब. पण पुढच्या फोर्कला काहीच अॅडजस्टमेंट नाही, ब्रेक दाबला की नाक खाली, खड्ड्यातून गेलं की दात वाजतात. मी हलकी आहे, माझ्या वजनाला ती स्प्रिंग कडक आहे, आणि शोरूमवाले म्हणतात पुढच्या वर्षी मोठी घ्या. मला मोठी नकोय! मला हीच नीट करून हवीय. स्टिकरचे पैसे सस्पेन्शनवर घाला ना कुणीतरी.

आणि सगळे मला सारखे विचारतात टॉप स्पीड किती. मला खरंच माहीत नाही.

टॉर्कमास्तर:
प्राजू, या धाग्यातलं सर्वात शहाणं वाक्य तुझं. स्प्रिंग वेगळी बदलून मिळते, तुझ्या वजनाप्रमाणे. आधी मागचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबलेली आहे ते) कमी करून बघ, बहुतेक छोट्या गाड्यांत तेवढं तरी असतं.

रांगेतला_शेवटचा:
ट्रॅकवर नवख्यांना शिकवतो. उशीर झाला यायला, सगळं वाचलं नाहीये. जे रोज दिसतं ते लिहितो.

लोक घाबरतात वेगाला नाही, पहिल्या लॅपच्या थंड टायरला. आणि तिथेच पडतात. टायरमधला दाब सांगणारे सेन्सर आहेत, पण रबर किती तापलंय हे गाडी सांगत नाही. एवढी मोठी स्क्रीन, त्यावर फोन आल्याचं दिसतं, गाणं कोणतं ते दिसतं. 'टायर अजून थंड आहे, थांब' हे दाखवा की.

दुसरं, क्लच. होंडाचा ई-क्लच २०२४ मध्ये सीबीआर६५०आर वर आला. लीव्हर आहे, हवा तर वापरा, नाहीतर गाडी स्वतः सांभाळते. मी नाक मुरडत बसलो होतो, आणि मग असा विद्यार्थी आला ज्याचा डावा हात अपघातानंतर अर्धाच मिटतो. त्याने क्लचमुळे बाईक सोडली होती. यामाहाने तर वाय-एएमटीमध्ये लीव्हरही काढला, गिअरचा पायाचा खटकाही काढला, बटणांवर गिअर. पुढच्या स्पोर्ट्स बाईकमध्ये हे ऐच्छिक ठेवा. ज्याला डाव्या हाताची मजा हवी त्याला मिळो, ज्याचा हात नाही चालत त्याला गाडी मिळो.

बाकी पॉवर वगैरे... शिकायला येणाऱ्यांपैकी दोनशे घोड्यांचे मालक सरळ रस्त्यावर पुढे जातात आणि पुढच्या वळणावर छोट्या गाडीवाल्या पोरी त्यांना आतून काढतात. दर वेळी. 😄

नवशिकी_प्राजू:
सर तुम्ही कुठे शिकवता?? व्यनि केलाय

रात्रपाळी:
ई-क्लचचं वाचून खूप बरं वाटलं.

रिकामी_टाकी:
वा, किती लिहिलंत सगळ्यांनी. कामात होतो, आत्ता एका दमात वाचलं. रात्रपाळी आणि रांगेतल्या सरांमुळे इलेक्ट्रॉनिक्सबद्दलचं माझं मत निम्मं तरी फिरलं. निम्मंच हां. मला अजूनही एक असं बटण हवंय की जे दाबलं की एबीएस सोडून बाकी सगळं गप्प, आणि पुढच्या वेळी चावी फिरवल्यावरही ते तसंच राहील. दर वेळी पाच मेनू खोदायचे नाहीत.

घासलेला_पेग:
अजून कोणी आरशांबद्दल बोललं नाही याचं आश्चर्य वाटतंय. आयुष्यात एकही स्पोर्ट्स बाईक चालवली नाही जिच्या आरशात स्वतःच्या कोपराशिवाय काही दिसतं.

भाजलेली_पोटरी:
कोपर तरी स्थिर दिसतं? माझ्या ट्विनमध्ये दोन दिसतात.

चार_सिलिंडर:
म्हणून म्हणतो चार सिलिंडर घ्या.

टॉर्कमास्तर:
झालं सुरू याचं परत. बाय द वे, चेनचं काय झालं?

चार_सिलिंडर:
एक कडी आखडली होती. पाना भाऊ देव आहेत. आता आवाज फक्त इंजिनाचा.

पान्यावर_पाना:
स्प्रॉकेटचे दात बघितलेस का? फोटो टाक.